काळ्या जोडीची पांढरी पिल्लं

शहापुरात सकाळपासून पावसाची रिपरिप. लेक पिंजऱ्यापाशी बसलेली. "पप्पा, या बघा की, दोन पांढरीच आहेत!"

आमची उंदरांची जोडी काळीकुळकुळीत. पिल्लं सात. जन्मली तेव्हा सगळीच गुलाबी, उघडी. पण पाच जणांच्या मिटल्या पापण्यांखाली काळे ठिपके दिसत होते, दोघांच्या नाही. आज आठव्या दिवशी मऊ लव आली आणि उलगडा झाला.

आई म्हणाली, "काळ्याच्या पोटी पांढरं कसं गं?" लेकीनं वहीत चौकोन आखून आजीला समजावलं. रंगद्रव्य बनवणाऱ्या जनुकाची एक बिघडलेली प्रत आई-बाप दोघांकडेही लपलेली. दोन्ही बिघडलेल्या प्रती ज्याला मिळाल्या, ते पांढरं, लाल डोळ्यांचं. प्रत्येक पिल्लाला चारात एक शक्यता. मेंडेलचा हा नियम उंदरांनाही लागू पडतो हे फ्रान्सच्या क्यूएनो यांनी 1902 मध्ये दाखवलं होतं. दहावीला आम्ही वाटाण्यावर पाठ केलेलं, ते आज पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं.

आजी बराच वेळ वहीकडे बघत होती. मग म्हणाली, "म्हणजे तुझे घारे डोळे माझ्या आईचे."

नराला मात्र वेगळा पिंजरा दिलाय. व्यायल्यावर मादी लगेच पुन्हा गाभण राहू शकते, तिला जरा विसावा हवा.