बूस्टचं बटण आणि आमची हळद

आमचं दुकान सांगलीत, गणपती पेठेजवळच्या बोळात. मार्केट यार्डात सौद्याला उभं राहून राजापुरी हळकुंड घ्यायचं, दळायचं, अर्धा-एक किलोच्या पिशव्या भरून विकायचं. मार्च ते मे हे आमचे कमाईचे महिने, कारण घराघरांत वर्षाची चटणी आणि हळद तेव्हाच होते.

गेल्या मार्चमध्ये पुतण्या म्हणाला, "काका, पेज आहेच की आपलं. हजार रुपये टाका, सगळ्या सांगलीला कळंल." एका मोठ्या सोशल मीडिया ॲपवर त्याने ते पेज काढून दिलं होतं. मी पोस्टखालचं बूस्टचं बटण दाबलं, म्हणजे पैसे भरून ती पोस्ट जास्त लोकांना दाखवायची.

पहिला चिमटा पैसे भरतानाच बसला. हजार भरले, जाहिरातीला ८४७ जमा झाले. बाकीचे १५३ रुपये १८ टक्के दराच्या जीएसटीत गेले. खात्यात आमचा जीएसटी नंबर टाकला असता तर इनपुट क्रेडिट घेता आलं असतं, म्हणजे तेवढा कर आमच्या भरायच्या जीएसटीतून वजा झाला असता, हे सीएंनी सांगितलं मे महिन्यात.

चार दिवसांत ४१२ लाइक आले. मी रात्री जेवताना ते मोजायचो, बायको हसायची. कमेंटमध्ये 'प्राइस?' असं वीस-बावीस जणांनी विचारलं. प्रत्येकाला भाव कळवला, पुढे कुणाचाही शब्द नाही. दुकानात एकही माणूस फिरकला नाही.

मग पुतण्याला बाजूला सारून मीच शोधत बसलो. बूस्ट करताना उद्देश विचारतात, तिथे आम्ही आधीपासून टिक असलेलं 'एंगेजमेंट' तसंच ठेवलं होतं. म्हणजे यंत्राला आम्हीच सांगितलं होतं की लाइक आण. त्याने इमानदारीत लाइक आणले. दिसेल त्या फोटोवर अंगठा दाबायची सवय असलेली माणसं त्याला बरोबर ठाऊक असतात. हळद संपत आलेली बाई कुठल्या घरात आहे, हे त्याला कुठून कळणार? ते शेजारणीलाच कळतं.

दुसऱ्या खेपेला जाहिरातीचं मोठं पॅनल उघडलं. सांगलीभोवती ४० किलोमीटरचं वर्तुळ काढलं. त्यात जयसिंगपूर आलं, तासगाव आलं, कर्नाटकातलं कागवाडही आलं. तिथली गिऱ्हाइकं आमच्याकडे येतातच, त्याचं काही नाही. पण बारीक अक्षरांत लिहिलं होतं : त्या भागात राहणारे किंवा नुकतेच तिथे येऊन गेलेले. म्हणजे मिरज जंक्शनवर चहा पिऊन पुढे गेलेला प्रवासीही माझ्या पैशांनी माझी हळद बघणार!

ती जाहिरात तर लागलीच नाही. 'सर्दी-खोकल्यावर हळदीचं दूध' असं लिहिलं होतं, आरोग्याचा दावा म्हणून नामंजूर. ओळ काढली. पुतण्याने हौसेने डावीकडे हळकुंड, उजवीकडे पूड आणि वर 'आधी' आणि 'नंतर' असं लिहून चित्र केलं. तेही नामंजूर. बारीक होण्याच्या औषधवाल्यांना असली जोडचित्रं लावायला बंदी आहे म्हणे, त्या रांगेत आमचं हळकुंड उभं केलं. फेरतपासणी मागितली, माणूस कुणी भेटला नाही, तीन दिवसांनी आपोआप मंजूर झालं. तोवर पाडवा होऊन गेला होता.

एप्रिलपासून गल्ल्याशेजारी वही ठेवली. नवीन गिऱ्हाईक आलं की विचारायचं, "आमचं नाव कुठनं कळलं ओ?" महिनाभरात जाहिरात बघून आलेले तिघं. त्यातला एक जाहिराती करून देणारा निघाला. "सर, तुमचं टार्गेटिंग चुकलंय," म्हणाला, महिन्याला आठ हजार सांगितले आणि जाताना पाव किलो हळद उधार मागितली. दिली. (अजून यायचे आहेत पैसे.) बाकी वहीभर 'जाऊबाईंनी सांगितलं', 'भिशीत कळलं', 'पुण्याच्या बहिणीला पाठवायची आहे' असंच.

मेअखेर हिशेब केला तेव्हा साडेसहा हजार गेले होते. चिडचिड पैशांची कमी, रोज मोबाईलमध्ये डोकं घालून बसल्याची जास्त. यार्डात नव्या मालाचे सौदे चालू होते आणि मी आलेख बघत होतो.

आता व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट यादी, म्हणजे एकच निरोप एकदम अनेकांना पाठवायची सोय, तेवढी ठेवली आहे. एका यादीत २५६ जण बसतात, आणि ज्याने आपला नंबर सेव्ह केलाय त्यालाच निरोप पोचतो. म्हणून पिशवीवर मोठ्या अक्षरांत छापून घेतलं : 'नंबर सेव्ह करा, नवी हळद आली की कळवू.' वर्षातून चारदाच कळवतो.

पेज बंद केलेलं नाही. मागच्या महिन्यात पुतणीच्या लग्नासाठी 'सोमवारी दुकान बंद राहील' एवढंच तिथे टाकलं होतं. दुसऱ्या दिवशी सूचना आली, ही पोस्ट तुमच्या इतर पोस्टपेक्षा फार चांगली चालली आहे, बूस्ट करायची का? अण्णांना वाचून दाखवलं. ते सुपारी कातरत म्हणाले, "मग रोजच बंद ठेवू की."