मुहूर्त ३ मेचा, खोदाई २३ मेची

"सी. सी. मिळाली, सेसही भरला, आता आणखी कुणाला कळवायचं राहिलंय?" जागेच्या मालकांनी विचारलं. सी. सी. म्हणजे महापालिकेचा काम सुरू करायचा दाखला, सेस म्हणजे कामगार कल्याणासाठीचा उपकर. त्यांचा वैताग मला समजत होता. २०२२ ची अक्षय्य तृतीया ३ मे रोजी होती, भटजी ठरले होते, जेसीबीवाल्याला इसारही गेला होता. आणि मी, त्यांचा ठेकेदार, एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात सांगत होतो की खोदाई तीनेक आठवडे पुढे जाईल.

चूक माझीच होती. तोवर मी दुसऱ्यांच्या हाताखाली कामं केलेली, कागदपत्रं तेच बघायचे. स्वतःच्या नावावर घेतलेलं हे पहिलंच काम, तीन मजली इमारत. परवानगी महापालिकेची, पण कामगारांच्या सुरक्षेचा निरीक्षक वेगळा, आणि त्याला काम सुरू होण्याच्या किमान ३० दिवस आधी लेखी कळवायचं, हे १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यातलं कलम ४६ मी तेव्हा पहिल्यांदा नीट वाचलं. खर्चाच्या १ टक्का सेस भरला म्हणजे हे कळवणं झालं, असं बरेच जण धरून चालतात. ते दोन वेगळे विषय आहेत.

एका एजंटने दोन तोडगे सुचवले. एक, कामगार नऊ लिहा. कायदा दहापासून लागायचा. दोन, मागची तारीख टाका. दुसरा तोडगा कार्यालयात कागद घेताना मारतात त्या आवकच्या तारखेच्या शिक्क्यापुढे टिकला नसता. पहिल्यासाठी मी मुकादमाला फोन केला.

"दादा, गवंडी चार, बिगारी सहा, सेंट्रिंगचे पाच, सळईवाले तीन. स्लॅबच्या दिवशी तिसाच्या वर जाईल."

"आणि राहणार किती?"

"बायका-पोरं धरून पंचवीस तरी."

मी अठरा लिहिले. न कळवल्यास तेव्हा दंड २,००० रुपयांपर्यंत, तीन महिन्यांपर्यंत कैदेचीही तरतूद होती. पण खरं सांगायचं तर भीती कैदेची नव्हती. नऊ लिहून उद्या कुणी परांचीवरून पडला असता तर उरलेले नऊ कुठून आले हे मला सांगावं लागलं असतं.

कळवायच्या त्या अर्जात बाकी फार काही नसायचं. कामाची जागा, मालक-ठेकेदाराचे पत्ते, कामाचं स्वरूप, यंत्रं, कामगारांची संख्या, साइटवर जबाबदार कोण, काम किती दिवस चालेल. स्फोटकं साठवणार असाल तर त्याची व्यवस्था. आमच्याकडे मुरूम, फार तर दगड फोडायचा ब्रेकर लागला असता, म्हणून तिथे 'लागू नाही'. अडलो ते कामगारांच्या सोयींपाशी. पिण्याचं पाणी संडास-मोरीपासून सहा मीटरच्या आत नको, असं तो कायदा म्हणायचा. ते अंतर बसवायला नकाशा काढला तेव्हा लक्षात आलं की कामगारांच्या पत्र्याच्या खोल्या मी मागच्या कडेला, शेजारच्या जुन्या दगडी भिंतीला चिकटून दाखवल्या आहेत, आणि पायाचा खड्डा तिथून जेमतेम चार मीटरवर. २९ जून २०१९ ला पुण्यात कोंढव्यात अशीच सोसायटीची भिंत मजुरांच्या झोपड्यांवर कोसळली होती. १५ जण गेले, त्यांत लहान मुलंही. खोल्या मी रस्त्याच्या बाजूला आणल्या. सळईला जागा उरली नाही, ती थोडी-थोडी मागवावी लागली. मालकांना ते अजून पटलेलं नाही.

२१ एप्रिलला दोन प्रती घेऊन निरीक्षकाच्या कार्यालयात गेलो. एक शिक्का मारून परत मिळाली. दहा मिनिटंही लागली नाहीत. बघायला कुणी आलं नाही, ना तेव्हा ना नंतर.

भूमिपूजन ठरल्या मुहूर्तावर झालं. कुदळ मालकांच्या सूनबाईंनी मारली, जेसीबी मात्र आला २३ मेला. व्हायचं तेच झालं. जूनमध्ये पाऊस आला तेव्हा मागच्या दोन फूटिंग, म्हणजे खांबांचे पाये, उघड्याच होत्या. दोन पंप लावून आठवडाभर पाणी उपसलं, भाडं माझ्या खिशातून. ही तीस दिवसांची अट मार्चमध्ये माहीत असती तर एवढी धावपळ झाली नसती.

जुलैत मुकादमाने आणखी सात माणसं आणली. दिलेल्या माहितीत बदल झाला तर दोन दिवसांत कळवायचं असायचं, म्हणून पुन्हा पत्र घेऊन गेलो. (आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याच्या जागी नवी कामगार संहिता आली आहे, तेव्हा माझी कलमं जशीच्या तशी धरू नका.) आवकच्या बाईंनी पत्र दोनदा वाचलं.

"याच्यासाठी परत कुणी येत नाही हो," त्या म्हणाल्या आणि शिक्का शोधायला ड्रॉवर उघडला.