नाव, गाव, पत्ता

"मॅडम, ती तुमची भाषणं पाठवा ना. मुलीला जरा प्रेरणा मिळेल."

वक्तृत्व स्पर्धांचा हंगाम आला की पालकांचा हा निरोप ठरलेला. मी शाळेत मुलांची भाषणं बसवून घेते आणि माझ्याकडे कृष्णवर्णीय बायकांच्या भाषणांचा साठा आहे, ही बातमी गावभर कशी झाली कोण जाणे. लिंक पाठवली की चार दिवसांनी दुसरा प्रश्न येतो, जरा चाचरत: "पण मॅडम, ह्याच बायका का?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. प्रेरणा द्यायचा विडा उचललेल्या वक्त्यांना मी कंटाळले आहे. मागे व्हायोलिन, पुढे सूर्योदय, आणि 'स्वतःवर विश्वास ठेवा'. कशावरून ठेवायचा ते कुणी सांगत नाही. मी जी भाषणं जपून ठेवली आहेत, त्यांतल्या बहुतेक बायका प्रेरणा द्यायला उभ्याच राहिल्या नव्हत्या. त्यांना काहीतरी नोंदवायचं होतं, तेही समोरच्याला नाकारता येणार नाही अशा तपशिलाने.

फॅनी लू हॅमर यांचंच घ्या. 22 ऑगस्ट 1964, अटलांटिक सिटी. अमेरिकेतल्या डेमोक्रॅटिक पक्षाचं राष्ट्रीय अधिवेशन भरलेलं. मिसिसिपी राज्यातून पक्षाचं जे शिष्टमंडळ आलं होतं ते सगळं गोरं, कारण तिथे काळ्या माणसाला मतदार यादीपर्यंत पोचूच देत नसत. त्याला आव्हान द्यायला मिसिसिपी फ्रीडम डेमोक्रॅटिक पार्टी आपलं वेगळं शिष्टमंडळ घेऊन आली होती, आणि खरे प्रतिनिधी कोण हे ठरवणाऱ्या समितीपुढे हॅमरबाई साक्षीला बसल्या. वाट्याने शेती करणाऱ्या घरातलं विसावं लेकरू, सहाव्या वर्षापासून कापूस वेचणारं. हातात कागद नाही. सुरुवात कशी करतात? आधी नाव. मग पत्ता: 626, ईस्ट लाफायेट स्ट्रीट, रूलव्हिल, मिसिसिपी, सनफ्लॉवर काउंटी. आणि लगेच पुढे, त्याच दमात, हे सिनेटर ईस्टलंड आणि सिनेटर स्टेनिस यांचं घर. दोघेही वर्णभेदाचे खंदे समर्थक. शिवी नाही, विशेषण नाही. शेजाऱ्यांची नावं सांगावीत तशी सांगून टाकली.

मी मुलांना इथेच थांबवते. ज्या गावात मतदार म्हणून नाव नोंदवल्याबद्दल घरावर गोळ्या झाडल्या जातात, त्या गावातला आपला घर क्रमांक ही बाई टीव्हीच्या कॅमेऱ्यासमोर सांगते आहे. यापुढे मूठ आवळून हवेत फेकायची गरज राहते का?

पुढचं सगळं तसंच. 31 ऑगस्ट 1962 रोजी आम्ही अठरा जण सव्वीस मैलांवरच्या इंडियानोलाला नाव नोंदवायला गेलो. परतताना ड्रायव्हरला दंड झाला, का, तर बसचा रंग चुकीचा. घरी पोचले तर मळ्याचा मालक दारात. अठरा वर्षं त्याच्याकडे राबलेली, मजुरांची हजेरी मांडणारी बाई. तो म्हणाला, नाव मागे घे, नाहीतर चालती हो. त्यांचं उत्तर: मी तुमच्यासाठी नाव नोंदवायला गेले नव्हते, माझ्यासाठी गेले होते. त्याच रात्री घर सुटलं.

मग जून 1963, मिसिसिपीतल्याच विनोना गावचा तुरुंग. मारहाण कुणाच्या हुकमावरून झाली, कुणाच्या हातून करवून घेतली, कशाने केली, हे क्रमाने येतं. मारताना झगा वर सरकला. मी तो खाली ओढला. तिथल्या एका गोऱ्याने तो परत वर केला. एवढंच. या वाक्यांशी आवाज किंचित कापतो आणि बाई पुढे जातात. मी वर्गात हे ऐकवते तेव्हा नववीच्या मुली एकमेकींकडे बघत नाहीत.

शेवटी एकच प्रश्न त्या समितीला टाकतात: माणसासारखं जगायचं म्हणतो म्हणून रोज जिवाच्या धमक्या येतात, रात्री फोनचा रिसीव्हर काढून ठेवून झोपावं लागतं, हीच का अमेरिका? आठेक मिनिटांत सगळं संपतं. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांना ही आठ मिनिटं इतकी जड गेली की त्यांनी घाईघाईने पत्रकार परिषद बोलावून कॅमेरे आपल्याकडे वळवले. वाहिन्यांनी मग ती साक्ष रात्री दाखवली, आणि दुपारी पाहिली असती त्यापेक्षा जास्त लोकांनी पाहिली. (सत्तेतल्या माणसांना ही गोष्ट अजून उमगलेली नाही. असो.)

एक इशारा देते. सोजर्नर ट्रुथ यांचं 'मी बाई नाही का?' हे भाषण पाठ करून आलेली मुलगी दर स्पर्धेत एखादी तरी असतेच. भाषण 1851 चं, ओहायोतल्या ॲक्रनचं. पण आपण जे ऐकतो ते फ्रान्सिस गेज या गोऱ्या बाईंनी बारा वर्षांनी, 1863 मध्ये लिहिलेलं. त्यात ट्रुथबाईंच्या तोंडी दक्षिणेकडची गुलामांची बोली घातली आहे. त्या जन्मल्या न्यूयॉर्क राज्यात, गुलामीतच, आणि त्यांची पहिली भाषा होती डच! त्याच साली, 1851 मध्ये वर्तमानपत्रात छापून आलेल्या वृत्तांतात ते गाजलेलं पालुपद नाहीच. त्यात आहे ते मला जास्त आवडतं: मी नांगरलंय, कापणी केलीय, मळणी केलीय, पुरुषाइतकं काम करते. आणि अकलेचं म्हणाल, तर बाईकडे पावशेर आणि पुरुषाकडे अर्धा शेर असेल, तरी तिचा पावशेर तिला भरून का देत नाही? (मूळ मापं पिंट आणि क्वार्टची, मी आपल्या बाजारात आणली.) ज्या बाईला लिहिता येत नव्हतं, तिचे शब्द दुसऱ्याने सजवून मांडले आणि तेच अजरामर झाले. प्रेरणादायी म्हणून फिरणारं काहीही मी तेव्हापासून दोनदा तपासते.

बार्बरा जॉर्डन यांच्याकडे पंचवीस जुलै 1974 च्या रात्रीसाठी जा. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्यावरच्या महाभियोगाची चर्चा, समितीतल्या टेक्सासच्या या सदस्य. कॉलेजात वादविवाद गाजवलेल्या, पेशाने वकील. एकेक शब्द सुटा करून ठेवतात. सुरुवातीलाच म्हणतात, 'आम्ही, लोक' या शब्दांनी सुरू होणारी राज्यघटना 1787 मध्ये पूर्ण झाली तेव्हा त्या 'आम्ही'मध्ये मी नव्हते. वॉशिंग्टन आणि हॅमिल्टन या घटनाकारांनी मला चुकून वगळलं असावं, असं मला कित्येक वर्षं वाटायचं. दुरुस्त्या आणि न्यायालयीन निकाल होत होत शेवटी मी त्यात आले. आणि आता त्या घटनेची मोडतोड होताना मी नुसती बघत बसणार नाही. एवढं बोलून त्या थेट कलमांवर येतात: घटनाकारांनी काय म्हटलं, राष्ट्राध्यक्षांनी काय केलं, शेजारी शेजारी. दोन आठवड्यांत निक्सन यांनी राजीनामा दिला. तो त्या भाषणामुळे नव्हे, त्यांच्याच कार्यालयातलं बोलणं टिपलेल्या ध्वनिफितींमुळे. पण घटना ही आपल्या मालकीची वस्तू आहे अशा हक्काने बोलणं काय असतं, ते तिथे दिसतं. आपल्या पाठ्यपुस्तकांत पहिल्याच पानांवर 'आम्ही, भारताचे लोक' छापलेलं असतं. हे भाषण ऐकून एका मुलीने ते पान पहिल्यांदा नीट वाचलं, असं तिच्या आईने मला सांगितलं.

वांगारी मथाई यांचं 2004 चं नोबेलचं भाषण मी लहान मुलांना देते. केनियात बायकांकडून तीन कोटींवर झाडं लावून घेतलेली बाई ऑस्लोत शेवटी बोलते ती घराजवळच्या ओढ्यावर, पाण्यातल्या बेडकांच्या अंड्यांवर. लहानपणी ते मणी समजून ती उचलायला जायची. सहावीच्या पोरांना नोबेल कळत नाही, बेडूक कळतो.

आता 'ह्याच बायका का, आपल्याकडच्या का नाहीत?' आपल्याकडच्याही आहेत, आणि हा धागा मी जोडलेला नाही. महात्मा फुल्यांनी 1873 मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतली गुलामी मोडण्यासाठी झटलेल्या तिथल्या लोकांना. त्याच्याही आधी, 1855 मध्ये, फुल्यांच्या शाळेतल्या चौदा वर्षांच्या मुक्ता साळवेचा निबंध 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. मांग-महारांच्या बायका बाळंत होतात तेव्हा घरावर छप्परही नसतं, वारापाऊस अंगावर घेतात, असं ती लिहिते. तो निबंध आणि हॅमरबाईंची साक्ष मी एकाच तासाला घेते. दोन्हीत तक्रारीचा सूर शोधायला सांगते. मुलांना सापडतो तो हिशोब.

राहता राहिला वडीलमंडळींचा आवडता प्रश्न: एवढं बोलून उपयोग काय झाला? त्या आठवड्यात, काही नाही. पक्षाने हॅमरबाईंच्या शिष्टमंडळाला दोन जागा देऊ केल्या. एवढ्या लांबून दोन जागांसाठी आलो नाही, असं म्हणून त्यांनी त्या नाकारल्या. पुढच्या वर्षी, 1965 ला, मतदान हक्काचा कायदा झाला. 1968 च्या शिकागो अधिवेशनात त्या रीतसर प्रतिनिधी म्हणून बसल्या. 1971 मध्ये राज्याच्या सिनेटची निवडणूक लढवली आणि हरल्या. मधल्या काळात त्यांनी सनफ्लॉवर काउंटीत सहकारी शेती उभी केली, आणि डुकरांची बँक काढली: गाभण डुकरीण घरी न्यायची, पिल्लं झाली की ती ठेवायची, आई बँकेत परत. इथे वर्ग हमखास हसतो. हसून झालं की कुणीतरी विचारतं, व्याज किती? व्याज म्हणून त्यातली काही पिल्लं पुढच्या घराला.