जुन्या नालाची भेट: भिंतीवर तांबडा ओघळ न उतरणारी

मुंबईत घोड्याच्या नालाची भेटवस्तू बिघडते ती जूनमध्ये. दिवाळीत दिलेला नाल तोवर उत्तम दिसतो. पाऊस लागला की खिळ्याच्या भोकातून एक तांबडा ओघळ भिंतीवर उतरतो, आणि घरातलं माणूस नाइलाजाने तो नाल काढून माळ्यावर टाकतं. म्हणून आमच्या मते नालाचं काम हे आधी गंजाचं काम आहे. रंग, दोरी, रिबीन शेवटच्या अर्ध्या तासात उरकतात. त्याआधीचे तीन दिवस गंजाचे.

नाल मिळणं अवघड नाही. घोड्याचा खूर महिन्याला साधारण ८ ते १० मिमी वाढतो, त्यामुळे नालबंदाला दर चार ते सहा आठवड्यांनी नाल काढावाच लागतो, झिजलेला असो वा नसो. महालक्ष्मीला शर्यतींचा मोसम साधारण नोव्हेंबर ते एप्रिल. पावसाळ्यात शर्यती पुण्याला होतात, म्हणून नालबंदाशी बोलून ठेवायचं ते हिवाळ्यात. माथेरानला खासगी मोटारगाड्यांना बंदी असल्याने घोड्यांची ये-जा भरपूर, आणि तिथल्या दगडगोट्यांवर चाललेले नाल पुढच्या बाजूला सुरेख झिजलेले असतात. मुंबईतल्या व्हिक्टोरिया, म्हणजे जुन्या घोडागाड्या, उच्च न्यायालयाच्या २०१५ च्या निकालानंतर बंद झाल्या. त्या घोड्यांचे नाल आता मिळालेच तर चोर बाजारातल्या एखाद्या लोखंडाच्या ढिगात. तिथे घेताना मात्र नीट पाहा. कडेने साच्याची बारीक रेघ असेल, झीज कुठेच नसेल, सगळी भोकं तंतोतंत सारखी असतील, तर तो घोड्याच्या पायाला कधी लागलेलाच नाही.

खरा नाल हातात घेऊन उजेडात तिरका धरा. पुढची कमान एका बाजूला जास्त झिजलेली दिसेल, कारण प्रत्येक घोडा पाय आपल्या पद्धतीने टाकतो. खालच्या बाजूच्या खाचेत खिळ्यांची डोकी घासून सपाट झालेली असतात, आणि एखाद्या भोकात मोडक्या खिळ्याचा तुकडा, माती, वाळलेली लीद घट्ट बसलेली असते. पुढच्या पायाचा नाल गोलसर, मागच्या पायाचा जरा निमुळता. जोडीने काही करायचं असेल तर एकाच प्रकारचे दोन निवडा, नाहीतर वस्तू वाकडी दिसते आणि चूक कुठे आहे तेच कळत नाही. ती झीज ग्राइंडरने काढून नाल गुळगुळीत करणाऱ्यांशी आमचं अजिबात जमत नाही. झीज गेली की उरतो तो नुसता लोखंडाचा तुकडा.

पहिलं काम चुंबक लावण्याचं. चिकटला तर पोलाद, नाही तर बहुधा अॅल्युमिनियम. शर्यतीच्या दिवशी हलके अॅल्युमिनियमचे नाल वापरतात, आणि त्यांची पुढची सगळी रीत वेगळी आहे.

दुसरं काम त्याहून महत्त्वाचं. धनुर्वाताचे जंतू घोड्याच्या लिदीत आणि तबेल्याच्या मातीत असतात, आणि नालाचा मोडका खिळा हातात खोल घुसतो. जाड हातमोजे घाला. धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन दहा वर्षं झाली असतील तर आधी ते घ्या. तारेच्या ब्रशचं चाक ग्राइंडरला लावणार असाल तर गॉगल हवाच, कारण त्यातल्या तारा सुटून सुईसारख्या उडतात. लहान मुलांना रंगवायला द्यायचे नाल धुऊन, खिळे काढून, कडा घासून झाल्यावरच द्या.

धुण्याची रीत अशी. साबणाच्या पाण्यात रात्रभर भिजवा. सकाळी मोडके खिळे पकडीने ओढा. हलले नाहीत तर नाल दोन विटांवर ठेवून, खिळा ज्या बाजूने आत गेला त्याच्या उलट बाजूने पंच (बोथट टोकाची पोलादी कांडी) ठेवून हातोडी मारा. भोक एका बाजूला रुंद आणि दुसऱ्या बाजूला निमुळतं असतं, म्हणून चुकीच्या बाजूने ठोकलंत तर खिळा आणखी घट्ट बसतो. समुद्रकिनाऱ्यावर फिरलेल्या घोड्यांचे नाल असतील तर ते दोन दिवस साध्या पाण्यात ठेवा आणि पाणी चार-पाच वेळा बदला. समुद्राचं मीठ गंजाच्या खड्ड्यांत बसलेलं असतं. ते तसंच राहिलं तर वरून कितीही लॅकर मारा, पहिल्या पावसात लॅकरच्या खाली नारिंगी ठिपके उमटतात.

मग गंज. ढोकळ्यात घालतात ते लिंबूफूल, म्हणजेच सायट्रिक अॅसिड, एक लिटर पाण्याला ५० ग्रॅम. प्लास्टिकच्या बादलीत नाल पूर्ण बुडतील इतकं करा. सहा ते बारा तास पुरतात, मधून एकदा बाहेर काढून तारेच्या ब्रशने घासा. साधं पांढरं व्हिनेगरही चालतं, त्याला पूर्ण दिवस लागतो. झाकण घट्ट लावू नका, वायू सुटत असतो. नाल दोन-तीन दिवस तसाच विसरलात तर आम्ल चांगलं लोखंडही खातं आणि पृष्ठभाग करडा, खरखरीत होतो. संडास धुण्याचं अॅसिड झटपट काम करतं हे खरं, पण त्यातलं क्लोराइड खड्ड्यांत राहून गंज पुन्हा आणतं. नालाला ते लावूच नका.

आता घाई करायची ती इथे. आम्लातून काढलेला नाल खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवा, एक लिटरला एक मोठा चमचा. मग स्वच्छ पाण्याने धुवा, फडक्याने पुसा आणि लगेच गॅसच्या मंद आचेवर किंवा हेअर ड्रायरने खडखडीत वाळवा, भोकांतला ओलावा जाईपर्यंत. मुंबईच्या दमट हवेत उघडं पोलाद बघता बघता पिवळसर पडतं. संध्याकाळी धुऊन सकाळी तेल लावू म्हणालात तर सगळं पुन्हा करावं लागेल.

शेवटचा थर दोन रीतींनी देता येतो आणि त्या एकत्र करायच्या नाहीत. पहिली रीत बिडाचा तवा तयार करणाऱ्याला सांगावी लागत नाही. नाल इतका तापवा की पाण्याचा थेंब त्यावर नाचेल, मग जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात फिरवा. धूर निघेल, खिडक्या उघड्या ठेवा. थंड होऊ द्या, पुन्हा तापवा, पुन्हा लावा, असं तीन-चार वेळा. नाल सुंदर काळाभोर होतो आणि झीजही स्पष्ट दिसते. तेल जाड लागलं तर थर चिकट राहतो. खोबरेल वापरू नका, ते हवेत सुकत नाही, त्यावर नुसती धूळ बसते. जवसाच्या तेलाची फडकी चोळामोळा करून टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. पाण्यात बुडवा किंवा पसरून वाळवा.

खिडकीजवळ किंवा दाराबाहेर लागणाऱ्या नालाला मात्र लॅकर किंवा पीयू (पॉलियुरेथेन)च. आधी थिनरने पुसा, तेलाचा अंश असेल तर थर सोलून निघतो. तीन पातळ हात, प्रत्येक हातानंतर डब्यावर लिहिलेला वेळ. पावसाळ्यात लॅकर पांढुरकं पडतं, कारण ते उडताना पृष्ठभाग गार होतो आणि हवेतलं पाणी त्यावर बसतं. कोरड्या दुपारी करा आणि नाल हाताला कोमट लागेल इतका गरम करून घ्या. पाठ आणि भोकांच्या आतल्या कडा विसरू नका. जूनमधला तो ओघळ दर वेळी तिथूनच सुरू होतो.

सगळ्यात जास्त मागणी किल्ल्या अडकवायच्या खुंटीला असते, आणि तिला वेल्डिंग लागत नाही. जुन्या चाळी पाडताना निघालेल्या सागवानी दारांची फळी घ्या: ३० सेमी लांब, १५ सेमी रुंद, २ सेमी जाड. घासून दोन्ही बाजूंनी पॉलिश करा, आणि नाल लावण्याआधी पॉलिश पूर्ण वाळू द्या. कच्च्या लाकडाला लोखंड टेकलं आणि ओल आली की लाकडावर काळे-निळे डाग पडतात, ते घासून जात नाहीत. स्टेनलेसचे स्क्रू घ्या. नालाची भोकं चौकोनी आणि लहान असतात, ८ नंबरचा स्क्रू बऱ्याचदा अडतो, ६ नंबरचा घालून पाहा. नाल आणि फळीच्या मध्ये नायलॉनचे वॉशर घाला, म्हणजे दोन मिमीची फट राहते आणि मागून हवा खेळते. खाली चार पितळी हूक. सागाला आधी बारीक ड्रिल मारल्याशिवाय पितळी हूक पिळू नका, ते मान मोडून हातात येतात.

दिव्याच्या स्टँडला वेल्डिंग लागतं, ते फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घ्या. एक नाल आडवा, त्याच्या कमानीवर दुसरा उभा, टोकं वर, त्या दोन टोकांवर तीन मिमी जाडीची गोल चकती. उभा नाल काटकोनात ठेवला तर स्टँड पुढे कलंडतो, कारण सगळं वजन कमानीच्या कडेवर येतं. तो दहा-पंधरा अंश मागे, म्हणजे आडव्या नालाच्या टोकांकडे, झुकवून घ्या आणि चकती मात्र पातळी लावून सपाट बसवा, नाहीतर निरांजनातलं तेल एका बाजूला जातं. आधी दोन्ही बाजूंना वेल्डचे ठिपके मारायला सांगा. एकाच बाजूला पूर्ण वेल्ड ओढला तर थंड होताना नाल त्या बाजूला खेचला जातो. जोडाची जागा चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घासलेली हवी, आणि तेल-लॅकर सगळं वेल्डिंगनंतर.

अॅल्युमिनियमच्या नालाला आम्लात ठेवायचं नाही, धुण्याच्या सोड्यातही नाही, तो खरवडला जातो. साबण, ब्रश, बारीक पॉलिश पेपर, बस. हलका असल्याने खिडकीत टांगायला छान. टांगताना तांब्या-पितळेची तार वापरू नका. खाऱ्या हवेत तिच्याजवळचं अॅल्युमिनियम पांढरी पूड होऊन झिजतं. मासेमारीची नायलॉन दोरी उत्तम.

तोंड वर ठेवायचं की खाली, हे ज्याच्या त्याच्या घरातल्या समजुतीवर सोडा. दोन्ही प्रकारे टांगता येईल अशी सोय ठेवा. काळ्या घोड्याचा, शनिवारी काढलेला, असं भेटीसोबतच्या चिठ्ठीवर लिहू नका, तुम्ही स्वतः पाहिलेलं नसेल तर. नाल कुठला, धातू कोणता, थर कोणता आणि मे महिन्याच्या शेवटी काय लावायचं, एवढं लिहा. काळ्या थराच्या नालाला वर्षातून एकदा जवसाच्या तेलाचे चार थेंब फडक्यावर घेऊन पुसायचं. लॅकरच्या नालाला फक्त कोरडं फडकं, आणि कुठे ओरखडा दिसला तर त्या जागी लॅकरचा एक हात.

बांधताना वर्तमानपत्रात गुंडाळू नका, कागद ओल धरतो. बटर पेपर, सिलिका जेलची एक पुडी, वर जाड पुठ्ठा. टोकांवर पुठ्ठ्याच्या टोप्या घाला, नाहीतर कुरियरमध्ये ती खोक्याला भोक पाडून बाहेर येतात.