ब्लॉगपोस्ट पंचवीस

मराठीतल्या जुन्या ब्लॉगांचे पत्ते वाचत गेलं की चाळीतल्या खोल्या आठवतात. दारावरची पाटी झोकदार असते. 'आजीची पुरणपोळी', 'राजगडावरचा पाऊस', 'परीक्षेच्या आदल्या रात्री'. वर पत्त्याच्या पट्टीत पाहावं तर सगळ्यांचं नाव एकच, ब्लॉग-पोस्ट. पुढच्या लेखाचं ब्लॉग-पोस्ट आणि मागे एक आकडा, त्यापुढच्याचं ब्लॉग-पोस्ट आणि दुसरा आकडा. खोली नंबर बारा, खोली नंबर पंचवीस.

यात लिहिणाऱ्याचा आळस नव्हता. ब्लॉगर ही सेवा लेखाचा पत्ता शीर्षकातून बनवायची, पण त्यातली रोमन अक्षरं आणि आकडे तेवढे उचलायची. देवनागरी शीर्षकातून हातात काहीच उरायचं नाही, मग ती आपलं ठेवणीतलं नाव चिकटवून मोकळी व्हायची. जाणत्यांनी यावर युक्ती काढली. शीर्षक आधी रोमन लिपीत टंकायचं, लेख प्रसिद्ध करायचा, लगेच परत आत शिरून शीर्षक मराठी करायचं. पत्ता पहिल्यांदा प्रसिद्ध होताना ठरतो आणि नंतर शीर्षक बदललं तरी हलत नाही, म्हणून हे जमायचं. पुढे पत्ता स्वतः लिहिण्याची सोय आली, तरी घाईत ती विसरणारे आजही आहेत.

वर्डप्रेस या दुसऱ्या ब्लॉगसेवेवर दुखणं उलट बाजूचं. तिथे देवनागरी पत्ता चालतो, पण प्रवासाला निघाला की फुगतो. देवनागरीचं एकेक चिन्ह साठवायला तीन बाइट लागतात आणि पत्त्यात प्रत्येक बाइट टक्क्याची खूण आणि पुढे दोन आकडे किंवा रोमन अक्षरं असा लिहिला जातो. म्हणजे एका चिन्हाला नऊ जागा. काने, वेलांट्या, उकार सगळे वेगळे मोजायचे. 'पुरणपोळी' या पाच अक्षरी वाटणाऱ्या शब्दात आठ चिन्हं आहेत, त्यांच्या होतात बहात्तर जागा, त्यात टक्क्याच्या खुणाच चोवीस. वर्डप्रेस लेखाच्या नावाला दोनशे जागा देतं, म्हणजे बावीस चिन्हांच्या पुढचं मराठी शीर्षक पत्त्यातून कापलं जातं. असा दुवा कुणाला पाठवला की पुरणपोळीच्या जागी बँकेच्या व्याजदरांचं पत्रक आल्यासारखं वाटतं. उपाय साधा आहे. पत्ता रोमन लिपीत, तीन-चार शब्दांचा, स्वतःच्या हाताने द्यावा.

पत्त्यावर एवढी शाई कशाला, असं वाटेल. पण विद्यार्थ्याच्या जागेवरून पाहिलं तर ब्लॉगने नवी दिलेली गोष्ट हीच होती. लिहायला जागा कॉलेजात पूर्वीही होत्या. जिन्याखालचं भित्तिपत्रक होतं, काचेच्या पेटीत, किल्ली एका सरांकडे. पंधरा दिवसांनी नवे कागद लागले की जुने रद्दीत. वार्षिकांक होता. त्यात ऑगस्टमध्ये दिलेला पावसावरचा लेख उन्हाळ्यात छापून यायचा आणि लेखकाच्या नातेवाइकांच्या कपाटात कायमचा विसावायचा. दोन्हीकडे वाचक ठरलेला असे. अनोळखी माणूस, त्याला गरज पडेल त्या दिवशी, सात वर्षांनी का होईना, नेमका त्या लेखापर्यंत येऊन पोचेल, ही शक्यता तिथे नव्हती.

'वेबलॉग' हा शब्द १९९७चा, जहाजावरच्या नोंदवहीला लॉग म्हणतात त्यावरून आलेला. १९९९मध्ये एकाने गमतीने तो चुकीच्या जागी तोडला आणि 'ब्लॉग' उरला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ब्लॉगर सुरू झालं, २००३मध्ये ते गूगलने घेतलं आणि त्याच वर्षी मे महिन्यात वर्डप्रेस आलं. वेबलॉगचे दोन गुण मात्र बहुतेक ठिकाणी टिकले. नवी नोंद वर, आणि प्रत्येक नोंदीवर तारीख.

आपल्याकडे या पानांचं वजन कळलं ते संकटाच्या दिवसांत. डिसेंबर २००४च्या त्सुनामीनंतर मुंबईच्या काही ब्लॉगकारांनी एक सामाईक ब्लॉग उघडला. त्यावर मदतीचे क्रमांक, बेपत्ता माणसांची माहिती, कुठे काय हवं याच्या नोंदी देशोदेशीचे स्वयंसेवक टाकत होते. ११ जुलै २००६ला मुंबईच्या लोकलगाड्यांत स्फोट झाले तेव्हाही फोन लागत नसताना असाच एक ब्लॉग निरोप पोचवत होता. आणि त्याच आठवड्यात सरकारने मोजकी काही पानं बंद करण्याचा आदेश काढला. इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांना सुटं पान अडवता येईना, तेव्हा अनेकांनी ब्लॉगस्पॉटचं, म्हणजे ब्लॉगरवरचे ब्लॉग ज्या सामाईक पत्त्याखाली असतात त्याचं, अख्खं दारच लावून टाकलं. एका भाडेकरूवर नोटीस निघाली म्हणून चाळीच्या फाटकाला कुलूप. मोगऱ्यावरच्या कविता, वरणफळांची कृती, सगळं काही दिवस आत अडकलं. स्वतःचं वेगळं नाव विकत घेऊन त्यावर ब्लॉग चालवावा, हा सल्ला तेव्हा अनेकांना पहिल्यांदा पटला. त्याला वर्षाला थोडे पैसे पडतात आणि नूतनीकरणाची तारीख चुकली तर ते नाव भलत्याच्या हाती जाऊ शकतं, हा त्या सल्ल्याचा दुसरा अर्धा भाग.

मराठीची गाडी याआधीच एका घाटात अडकली होती. शिवाजी, श्रीलिपी, कृतिदेव असल्या जुन्या फॉन्टांत पडद्यावर 'क' दिसायचा, पण आत साठवलेलं असायचं रोमन अक्षर किंवा भलतंच चिन्ह. वाचणाऱ्याच्या संगणकात तो फॉन्ट नसेल तर लेखाचा पालापाचोळा, आणि शोधयंत्राला तर फॉन्ट असला काय नसला काय, पालापाचोळाच. म्हणजे लेख होता, शोधून सापडत नव्हता. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक चिन्हाला ठरलेला क्रमांक देणाऱ्या व्यवस्थेत, देवनागरी १९९१च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे, पण घरोघरी पोचायला दशक गेलं. विंडोज एक्सपीवर 'रीजनल अँड लँग्वेज ऑप्शन्स'मध्ये जाऊन एका चौकटीत खूण करावी लागे, मग संगणक मूळ सीडी मागे, मग बंद करून पुन्हा चालू करा म्हणे. सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजणाऱ्या मुलाने सीडी कुठून आणायची? मालकाकडे ती असेलच याचीही खात्री नसायची.

ते मिटलं तरी 'ऱ्य' उरला. जुन्या फॉन्टांत अर्धा र नीट जमेना म्हणून लोक 'दुस-या', 'ब-याच' असं मध्ये आडवी रेघ मारून लिहायचे. ओळ नेमकी तिथे संपली तर 'दुस-' वर आणि 'या' खालच्या ओळीत. 'दुसऱ्या' म्हणून शोधलं तर ते सापडत नसे, आणि दोष डोळ्यांना इतका सवयीचा झाला की आजही काहीजण तो मुद्दाम टंकतात. दुसरी चूक 'दुसर्या'ची. आवाजावरून टंकणारे रोमनमध्ये साधा 'आर' देतात आणि र चढून रफार होतो. मग 'सह्याद्रीच्या दर्या' असं लिहिलं जातं आणि सह्याद्रीत समुद्र शिरतो. भारतीय लिप्यांसाठीच्या इनस्क्रिप्ट कळफलकावर हे तीन कळांचं काम आहे. शिफ्ट धरून 'जे', मग 'डी', मग तिरप्या रेघेची कळ. पहिल्याने ऱ, दुसऱ्याने पाय मोडतो, तिसऱ्याने य. बोटांना आठवड्यात सवय होते.

'ॲ'ची गोष्ट त्याहून बारीक. हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं. त्याआधी अ लिहून त्यावर चंद्र ठेवत. दोन्ही डोळ्यांना जुळी भावंडं, संगणकाच्या लेखी मात्र परकी. जुन्या लेखातली 'ॲसिडिटी' नव्या कळफलकावरून शोधताना निसटते ती यामुळे.

इतकं करून अक्षरं शुद्ध उतरली की खरा अडथळा येतो, तो शाळेतल्या निबंधाच्या वहीतून आलेला. 'प्राचीन काळापासून मानवाला प्रवासाची आवड आहे' अशी सुरुवात परीक्षकाला खपते, कारण त्याला पुढचं वाचण्याचा भत्ता मिळतो. ब्लॉगवर शोधून आलेल्याला अनेकदा सुरुवातीच्या दीडेकशे चिन्हांपलीकडचं आधी दिसतच नाही. यादीत शीर्षकाखाली तेवढाच तुकडा झळकतो. हरिश्चंद्रगडावरच्या लेखाचा तुकडा प्राचीन मानवात संपला तर माणूस पुढच्या दुव्यावर जातो. 'पाचनईकडून चढलो, खिरेश्वरच्या टोलार खिंडीच्या वाटेपेक्षा ही वाट जवळची' एवढं पहिल्या ओळीत आलं की तो थांबतो. प्राचीन मानव नंतर आला तरी चालतो. न आला तरी.

डोंगरभटक्यांच्या ब्लॉगांनी मराठीत जेवढं काम केलं तेवढं क्वचित कुणी केलं असेल, आणि घोटाळेही त्यांच्याच खात्यात जास्त. 'गडावर पिण्याचं पाणी आहे' हे वाक्य घ्या. ऑक्टोबरच्या फेरीत टाकं काठोकाठ पाहून लिहिलेलं. वाचणारा तेच वाचून एप्रिलमध्ये निघतो आणि माथ्यावर त्याला टाक्याच्या तळाशी शेवाळ आणि बाटल्या भेटतात. लिहिणारा खोटं बोललेला नसतो, फक्त महिना लिहिलेला नसतो. लेखावरची तारीख इथे पुरत नाही, कारण भटकंती दिवाळीत आणि लेख परीक्षा संपल्यावर, असं सर्रास होतं. म्हणून पहिल्या दोन ओळींत भेटीचा दिवस, महिना, वर्ष वेगळं द्यावं. शेवटची एसटी कितीची, हे लिहिताना 'तेव्हा' हा शब्द घालावा. आणि पुढे कुणी चूक कळवली तर जुनं वाक्य गुपचूप पुसू नये. त्यावर आडवी रेघ मारून खाली 'दुरुस्ती' आणि तारीख. आधीचं वाचून गेलेल्याला निदान कळतं की फसगत कशाने झाली. ब्लॉगचे काही तयार साचे तर लेख ताजे दिसावेत म्हणून तारीखच लपवतात. असला साचा फुकट मिळाला तरी घेऊ नये.

प्रभाव म्हणतात तो असाही असतो. रायगड जिल्ह्यात भिऱ्याजवळचं देवकुंड पूर्वी आसपासच्या लोकांचं होतं. वाट, वेळ, फोटो असं सगळं लिहून जाहीर झालं, गर्दी लोटली, माणसं बुडाली आणि पावसाळ्यात तिथे बंदीचे आदेश काढायची वेळ आली. वाट नीट लिहिणं गुन्हा नाही, पण त्या लेखांत कुंडाची खोली, पावसात अचानक वाढणारं पाणी आणि परतीचा ओढा याला किती ओळी दिल्या होत्या, हे मोजून पाहण्यासारखं आहे. धबधब्याच्या तुषारांना बहुतेक दोन परिच्छेद असतात.

चोरीचं थोडक्यात सांगायचं तर ती होणारच. चांगला लेख दोन दिवसांत नाव गळून फिरायला लागतो आणि आठवड्यात त्याच्याखाली एखाद्या दिवंगत थोर लेखकाचं नाव येतं. मूळ लिहिणाऱ्याने हक्क सांगितला तर लोक त्यालाच चोर ठरवतात. पानावर उजवी कळ बंद करून काही साधत नाही, प्रामाणिक वाचकाला ओळ उद्धृत करता येत नाही एवढंच. आपल्या लेखातलं आठ-दहा शब्दांचं एक वेगळं वाक्य अवतरणचिन्हांत घालून शोधत राहावं, आणि एखाद्या परिच्छेदाच्या मध्यात, कापता येणार नाही अशा जागी, आपली खूण ठेवावी. गावाचं नाव, आपल्या घराण्यातला शब्द, काहीही. प्रत जवळ ठेवावी हे वेगळं सांगायला नको, तरी सांगावं लागतं. ब्लॉगरवरून उतरवलेल्या फायलीत लेख आणि प्रतिक्रिया येतात, फोटो येतीलच असं नाही. ते वेगळे जपायचे. सेवा बंद पडतात. शेकडो ब्लॉगांवरचं नवं लिखाण एका जागी आणून देणारं गूगल रीडर १ जुलै २०१३ला बंद झालं आणि त्या रस्त्याने रोज येणारे वाचक बऱ्याच ब्लॉगांना पुन्हा दिसले नाहीत. ते फेसबुकच्या भिंतीवर गेले, तिथून व्हॉट्सॲपवर. तिथे कालचं लिहिलेलं उद्या सापडत नाही, पण 'छान' लगेच मिळतं.

सोडून दिलेले ब्लॉग तसेच उघडे असतात. गणपतीच्या आठवड्यात उकडीच्या मोदकांचं एखादं जुनं पान शोधून पाहावं. पत्ता ब्लॉग-पोस्ट, मागे आकडा. कृतीत 'एक वाटी पिठीला एक वाटी पाणी', कुठली वाटी ते नाही, तांदूळ कुठला ते नाही, मीठ 'अंदाजाने'. लिहिणाऱ्या बाईंचा शेवटचा लेख कित्येक वर्षांपूर्वीचा. पण खाली प्रतिक्रिया चालूच आहेत. कुणी अमेरिकेतून विचारतं, आमच्या कपाने घेतलं तर चालेल का. मध्येच एक कर्ज देणारा येऊन जातो. कुणी विचारतं, उकड चिरते, काय चुकलं? उत्तर नाही. दीड वर्षाने तिसरंच कुणी लिहितं, विकतची पिठी कोरडी असते, पाणी दोन चमचे जास्त घ्या, झाकण ठेवून वाफ येऊ द्या आणि गरम असतानाच हाताला तूप-पाणी लावून मळा. वाटी आणि कप यांचं भांडण नको, ज्याने पिठी मोजाल त्यानेच पाणी मोजा. त्याखाली पुढच्या भाद्रपदातली तारीख आणि एक ओळ, 'ताई, जमले. एकवीस झाले, दोन फुटले.'