पैलवानाचे कान

"कान कुणाचं हायत ह्ये?"

मी परांचीवर, पैलवानाच्या गालावर हात फिरवत होतो. खाली काठी टेकून वस्ताद उभे. कोल्हापुरात गंगावेशीजवळच्या एका तालमीची ही बाजूची भिंत. 20 बाय 14, म्हणजे 280 चौरस फूट. फुटाला 70 रुपये ठरले होते, रंग माझाच.

"पैलवानाचं, वस्ताद."

"असलं कान बँकेतल्या सायबाचं असत्यात."

त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि मान वळवली. कान कसला, पिळून ठेवलेला पिठाचा गोळा. भोकात करंगळीही शिरली नसती. मातीत घासून, मुंडी दाबून दाबून पैलवानाचे कान असे होतात हे मला माहीत होतं. लहानपणापासून बघत आलोय. तरी चित्र काढताना मोबाईलवरचा कुठलातरी फोटो समोर धरला. दळवीज आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेला पोरगा, चित्रकार आबालाल रहिमानांच्या गावचा, आणि तालमीच्या भिंतीसाठी फोटो इंटरनेटवरून!

"आणि ही बॉडी जिममधली. उतर खाली."

संध्याकाळचा जोर, म्हणजे कुस्तीचा सराव, चालू होता. हौद्याच्या काठावर बसवलं मला. तांबड्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू जिरवलेलं. त्या वासानं आधी डोकं जड झालं, मग बरं वाटायला लागलं. वस्तादांनी दोन पोरांना एकच पट, म्हणजे पाय धरून पाडायचा डाव, पुन्हा पुन्हा काढायला लावला. तासाभरात वहीची अकरा पानं भरली. पोट कोरीव नव्हतं कुणाचंच. सगळी ताकद मानेत आणि मांडीत.

वहीवर खूश होऊन बाहेर आलो, तर वस्तादांनी भिंतीच्या तळाला काठी खुपसली. गिलाव्याचा पापुद्रा माझ्या ताज्या रंगासकट खाली.

"एकोणिसाच्या पुरात पाणी हितं हुतं," म्हणत त्यांनी छातीवर हात ठेवला. "लोणा लागलाय. तुला दिसला न्हाई?"

दिसला होता. पहिल्याच दिवशी क्षाराची पांढरी भुकटी तारेच्या ब्रशनं घासली, प्रायमर मारला आणि गप्प बसलो. गिलावा उतरवून नवा करायचा तर माझ्या रेटमध्ये बसत नव्हतं, आणि ते बोललो तर काम हातचं जाईल ही भीती. आधीच एका हॉटेलवाल्यानं पैसे लटकवले होते. घरी वडिलांना 'सिनेमे काढणाऱ्या बाबूराव पेंटरांनी पण नाटकाचे पडदेच रंगवले होते' असं सांगून किती दिवस काढणार? (त्यांचं उत्तर ठरलेलं : "त्यांना पैसे मिळायचे.")

वस्तादांना हे सगळं सांगून टाकलं. ते चिडले नाहीत. बराच वेळ भिंतीकडे बघत राहिले.

"खालच्या तीन फुटांत पाय कशाला पायजेत? माती काढ की."

तीन दिवसांचं काम पुसायचं म्हणजे पोटात गोळा आला. पण त्यात खोट काढता येईना. पट काढणारा गुडघ्यावरच बसतो. दुसरा वाकवला की दोघंही उरलेल्या अकरा फुटांत मावतात. त्याच रात्री हॅलोजन लावून पांढरा हात मारला, खडू-दोरीनं चौकटी नव्यानं आखल्या. पोरं उंचावरची दोरी धरायला थांबली. दीडच्या सुमारास कुणीतरी पेल्यात म्हशीचं दूध आणून दिलं. वरच्या पैलवानाला मी वस्तादांचा डावा कान लावला. त्यांना विचारलं नाही.

त्याला आता दोन पावसाळे झाले. तळ दरवेळी फुगतो, सुटतो. दसऱ्याआधी तालमीतली पोरं भुकटी खरवडतात, काव आणि फेविकॉल कालवून स्वतःच माती लिंपल्यासारखा रंग मारतात. मला फोनही करत नाहीत. मागच्या वेळी एकजण शिडी लावून वर कानापर्यंत गेला होता म्हणे. वस्तादांनी काठी आपटून खाली उतरवला.