नकार वडिलोपार्जित, होकार स्वकष्टार्जित

ग्रीसमधल्या दुकानदाराला एखादी वस्तू आहे का विचारलं आणि तो 'ने' म्हणाला, तर माघारी फिरू नका. 'ने' म्हणजे हो. सरहद्द ओलांडून उत्तरेला बल्गेरियात गेलात की तोच 'ने' नकार होतो. त्यात बल्गेरियन माणूस हो म्हणताना मान आडवी हलवतो. म्हणजे कानांवर विसंबावं तरी पंचाईत, डोळ्यांवर विसंबावं तरी पंचाईत. पोलंडमध्ये गप्पांच्या ओघात 'नो, नो' ऐकू येतं, ते 'हो ना, हो ना' असतं. झेक माणूस घरगुती बोलण्यात 'यो' म्हणाला तर समजावं हो, अल्बेनियन माणूस 'यो' म्हणाला तर समजावं नाही.

मला या टीचभर शब्दांचं फार कुतूहल आहे. मोठमोठे शब्द आपली वंशावळ मिरवत असतात, हे मात्र दिवसातून शंभरदा तोंडातून निसटतात आणि कुणी त्यांना कूळ विचारत नाही. विचारलं तर एक मजेदार विषमता दिसते. आपल्या इंडो-युरोपीय भाषाकुळात नकाराचं घराणं एकच आहे. संस्कृत 'न', लॅटिन 'नोन', जर्मन 'नाइन', रशियन 'न्येत', इंग्रजी 'नो' आणि आपलं 'नाही' हे सगळे एकाच पुरातन 'न'चे वारसदार. होकाराचं तसं नाही. फ्रेंच 'वी', स्पॅनिश 'सी', पोलिश 'ताक', झेक 'आनो', रशियन 'दा' यांचा एकमेकांना काही पत्ता नाही. थोरल्या पूर्वजांनी नकार तेवढा वाटणीला ठेवला. होकार ज्याचा त्याने कमवायचा!

याचं कारण असं की होकाराला वेगळा शब्द लागतोच असं नाही. 'जेवलास?' 'जेवलो.' झालं काम. लॅटिनमध्येही 'हो'साठी एकच एक ठरलेला शब्द नव्हता. क्रियापद परत म्हणायचं, नाहीतर 'तसंच' अशा अर्थाचं काहीतरी. आयरिश भाषा तर आजही अशीच चालते. 'पाहिलंस का?' याला 'पाहिलं' हेच उत्तर, 'यस'च्या जोडीचा सुटा शब्द तिच्याकडे नाही. फार तर 'शा' म्हणतात, त्याचा मूळ अर्थ 'ते आहे'. आपला 'होय'ही 'होणे'चंच जुनं रूप. जुन्या मराठीत 'होय' म्हणजे होतं, असतं. तेव्हा डब्लिन आणि सातारा यांचं निदान या एका बाबतीत बरं जमावं.

लॅटिनच्या लेकींनी पुढे आपापले संसार थाटले. 'सिक्', म्हणजे 'असं', यातून इटालियन आणि स्पॅनिश 'सी' आला. दक्षिण फ्रान्सने 'होक्', म्हणजे 'हे', एवढ्यावर भागवलं आणि त्याचा 'ओक' केला. उत्तरेत मात्र 'हे मी', 'हे तू', 'हे तो' अशी माणसागणिक उत्तरं होती. त्यातलं 'हे तो', म्हणजे 'ओईल', तेवढं टिकलं आणि झिजून 'वी' झालं. आज लग्नात वधू 'वी' म्हणते तेव्हा व्युत्पत्तीच्या हिशेबाने ती 'हे तो' म्हणत असते. नवऱ्याकडे बोट दाखवून म्हणत असेल तर चपखलच! रुमानियनही लॅटिनचीच लेक, पण तिने शेजारच्या स्लाव्ह मंडळींकडून 'दा' उचलला.

चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला इटालियन कवी दान्तेने एका ग्रंथात या भाषांची विभागणीच होकारावरून केली: ओकवाले, ओईलवाले आणि सीवाले. लोकभाषांची थोरवी सांगणारा हा ग्रंथ त्याने लिहिला लॅटिनमध्ये, हे आपल्याकडच्या पंडितांनाही शोभलं असतं. उत्तरेकडचे बाकीचे, म्हणजे जर्मन, इंग्रज, स्लाव्ह, अगदी हंगेरियनसुद्धा, जवळजवळ सगळे 'यो' म्हणतात असं ठोकून देऊन तो मोकळा झाला. पण 'ओक' टिकला. दक्षिण फ्रान्समधल्या लांगदोक या मुलुखाचं नाव म्हणजे 'ओकची भाषा', आणि 2016 पासून तिथल्याच तुलूज शहराभोवतालच्या मोठ्या प्रांताचं नाव ऑक्सितानी आहे. एका होकारावरून नाव मिळालेला प्रांत! नकाराला असं भाग्य कुठलं?

खरी तारांबळ उडते ती नकारार्थी प्रश्नाला. 'जेवला नाहीस?' याला आपण 'हो, नाही जेवलो' म्हणून विचारणाऱ्याशी सहमत होतो. इंग्रज 'नो' म्हणतो. नुसतं 'यस' म्हटलं की आपण उपाशी आणि तो समजतो जेवण झालं. जर्मनांनी यावर तोडगा काढून ठेवलाय, 'डॉख'. म्हणजे 'नाही कसं, जेवलोय की!' हेच काम फ्रेंच 'सी' करतो. इंग्रजीतही पूर्वी दोन होकार आणि दोन नकार होते, साध्या प्रश्नाला एक जोडी आणि नकारार्थी प्रश्नाला दुसरी. टिंडेलने बायबलच्या इंग्रजी भाषांतरात 'नो' आणि 'ने' या दोन नकारांत घोळ घातला म्हणून 1532 मध्ये इंग्रज विद्वान थॉमस मोरने त्याला छापील पुस्तकात झापलं, आणि नियम समजावून सांगताना स्वतःच त्याची उलटापालट केली. व्याकरणाचे हवालदार असेच असतात.

फिनलंडची तऱ्हा आणखी निराळी. त्यांची भाषा वेगळ्या कुळातली, पण त्यांचा नकार क्रियापदासारखा चालतो: मी 'एन', तू 'एत', तो 'एइ', ते 'एइवात'. इंग्रजाला हे ऐकून घाम फुटतो. आपल्याला का फुटावा? आपण 'तू नाहीस', 'ते नाहीत' सहज म्हणतोच.

वडिलोपार्जित इस्टेटही काही कायम टिकत नाही म्हणा. ग्रीकांनी आपला जुना 'न' कधीच घालवला, म्हणून तर त्यांना 'ने' होकारासाठी मोकळा सापडला. नकाराला ते 'ओही' म्हणतात. फ्रेंचांचं सध्या तेच चाललंय. 'चालत नाही' म्हणताना जोर यावा म्हणून ते पुढे 'पा', म्हणजे पाऊल, जोडायचे: एक पाऊलही चालत नाही. खाण्याला कण, पिण्याला थेंब असेही शब्द होते, आपल्या 'काडीमात्र', 'तीळभर'च्या जातीचे. पुढे 'पा' सगळ्यांवर कुरघोडी करून प्रत्येक नकाराला चिकटला आणि आता बोलताना मूळचा 'न'च गळून पडतो. 'मला माहीत नाही'चं बोलीतलं रूप 'ज से पा'. शब्दशः पाहिलं तर 'मला माहीत पाऊल'. आणि हे ऐकून समोरचा फ्रेंच माणूस निमूटपणे दुसऱ्या कुणाला तरी विचारायला जातो.